राजाने मारले तर तक्रार कोणाकडे?

वाचकहो, आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. पावसाने झोडपले आणि राजाने मारले, तर तक्रार कोणाकडे करायची? आजीच्या तोंडून ती आपण ऐकलेली असते, आणि शेतकऱ्याच्या घरात तर तिच्या पहिल्या अर्ध्या भागाचा अनुभव दर दोन-चार वर्षांनी येतोच. दुसऱ्या अर्ध्या भागाचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. राजे गेले, संस्थाने गेली. आता ‘राजाने मारले’ म्हणजे काय, असे आपल्याला वाटते. आज त्या उरलेल्या अर्ध्या म्हणीविषयीच चार गोष्टी आपणापुढे ठेवायच्या आहेत. त्यातली एक बाजू जरा चमत्कारिक आहे. राजाने गरिबाला मारले तर आपल्याला वाईट वाटते, हे ठीकच. पण राजाने श्रीमंताला मारले तर?

खरे सांगा. एखाद्या धनाढ्य माणसाच्या घरासमोर सरकारी मोटारी येऊन उभ्या राहिल्या, त्याच्या तिजोऱ्या उघडल्या, त्याला धरून नेले, अशी बातमी पारावर कोणी वाचून दाखवली, तर मंडळी काय म्हणतात? “बरं झालं बाप्पा! लय माजला होता.” असेच म्हणतात ना? मीही म्हटले आहे. त्यात काही मोठे पाप आहे असेही नाही. ज्याने भाव पाडून आपला कापूस घेतला, ज्याच्या वहीत आपल्या बापाचा अंगठा आहे, त्याच्यावर कोणी तरी सवाई भेटला याचा आनंद मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. प्रश्न एवढाच, की तो सवाई पुढे कोणाच्या दारात जाणार?

मला हा प्रश्न प्रथम पडला तो कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात नव्हे, तर सावनेरच्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात. हसू नका, सांगतो.

साल १९९५च्या सुमारचे. बसस्टँडपासून जवळच एक टिनाच्या छपराची खोली होती. आत उभ्या कपाटासारखी दोन यंत्रे. कपाटाला छातीच्या उंचीवर काच, काचेत रंगीत चित्रे पळताहेत, खाली एक दांडा आणि दोन-तीन बटणे. फटीत एक रुपयाचे नाणे टाकले की खेळ सुरू व्हायचा. एका खेळाला आम्ही सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचो. त्यातल्या एका वीराचे ते नाव. त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ होते आणि तो १९९३ साली एका जपानी कंपनीने काढला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्यापैकी एखाद्याकडे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा यायचा. त्यात बसवायच्या तुकड्याला आम्ही ‘कॅसेट’ म्हणायचो, आणि त्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे बिनदिक्कत छापलेले असायचे. आत खेळ मोजून दहा-बारा! पण बाकी पोरांची या नवलाशी पहिली ओळख झाली ती त्या एका रुपयामुळे.

ही गोष्ट आपल्याच गावची नव्हे. १९७२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका मद्यगृहात ‘पाँग’ नावाचे असेच यंत्र पहिल्यांदा ठेवले, तेव्हा काही दिवसांतच ते अडले. दुरुस्तीला माणूस आला, पाहतो तो नाण्यांनी डबा गच्च भरलेला! जपानात १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि तेथेही पोरे नाणी घेऊन रांगेत उभी राहिली. जगातल्या फार मोठ्या लोकसंख्येची व्हिडिओ गेमशी पहिली भेट ही अशी परक्याच्या दुकानात, उभ्याउभ्या, एका नाण्याच्या मुदतीपुरती झालेली आहे.

तर आमच्या त्या दुकानात एक गंमत होती. यंत्राला लहान-मोठा कळत नव्हता. नाणे टाकले की तिघांनाही तीन जीव. अडत्याचा पोरगा असो की हमालाचा, डायनासोरने धडक दिली की जीव गेला. बाहेरच्या जगात जे कुठे नव्हते ते त्या काचेच्या आत होते. नियम कडक होता, पण सगळ्यांना सारखा होता.

एक दिवस गावातल्या एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा खिसाभर नाणी घेऊन आला आणि यंत्राला चिकटला. तासभर हटेना. आम्ही मागे उभे. दुकानदाराचे आणि त्याचे काही तरी बिनसले, आणि दुकानदाराने सरळ भिंतीवरचे बटण दाबून यंत्र बंद केले. नाणे आत, खेळ बंद, पोरगा रडवेला. आम्ही काय केले असेल? टाळ्या वाजवल्या! दुकानदार आम्हांला त्या दिवशी न्यायमूर्ती वाटला.

चार दिवसांनी मी खेळत होतो. आठवड्याचा एकच रुपया. कधी नव्हे तो पुढच्या टप्प्यावर पोचलो होतो. दुकानदाराचा कोणी पाहुणा आला, त्याला खेळायचे होते. बटण दाबले. मी म्हटले, “काहून बंद केलं भाऊ?” तो म्हणाला, “माही मर्जी. दुकान माहं हाय.” आणि मला काही बोलता येईना, कारण चार दिवसांपूर्वी त्याच मर्जीला मी टाळी दिली होती.

आता दुकान छोटे, रुपया छोटा. पण हीच गोष्ट मोठ्या पटावर पाहायची असेल तर आपल्याला पुण्यात जावे लागेल, आणि तेही १७९८ साली.

सवाई माधवराव वारल्यावर पेशवाईच्या गादीसाठी जी ओढाताण झाली तिच्या शेवटी, १७९६च्या डिसेंबरात, दुसरा बाजीराव पेशवा झाला. दौलतराव शिंद्यांची फौज पाठीशी होती म्हणून झाला. या मदतीच्या बदल्यात त्याने शिंद्यांना सुमारे दोन कोटी रुपये कबूल केले होते. गादी मिळाली, पण दोन कोटी आणायचे कोठून? शिंद्यांची फौज पुण्याभोवती तळ देऊन बसलेली, शिपायांचे पगार तुंबलेले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणविसांना शिंद्यांच्या छावणीत भेटीला बोलावून दगाबाजीने कैद केले. आणि पैसा काढण्याचे काम कागलकर सर्जेराव घाटग्यांवर सोपवले. यांची कन्या बायजाबाई १७९८ साली दौलतरावांना दिली होती, म्हणजे हे दौलतरावांचे सासरे आणि आता त्यांचे कारभारीही.

सर्जेरावांनी सुरुवात केली ती नानांच्या पक्षातल्या बड्या मंडळींपासून. त्यांना फटके मारून त्यांची दौलत वदवून घेतली. पुण्यात त्या वेळी कोणी म्हटलेही असेल, की बरे झाले, यांनी काय थोडे खाल्ले होते! परंतु दोन कोटींची भूक तेवढ्याने भागणारी नव्हती. मग पेढीवाल्या सावकारांची पाळी आली, मग व्यापाऱ्यांची, आणि शेवटी ज्याच्याजवळ काही असेल असा नुसता संशय आला त्या कोणाचीही. लोकांचे हाल करून पैसा काढला. नानांचे नातलग गंगाधरपंत भानू यांना तापवलेल्या तोफेला बांधले, आणि तेथेच त्यांचा प्राण गेला. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात हे लिहून ठेवले आहे.

येथे तीन प्रश्न विचारून पाहू. हे तीन प्रश्न आज शेवटपर्यंत आपल्यासोबत ठेवायचे आहेत. पहिला: हे कोणत्या नियमाने झाले? नियम कोणताच नव्हता. देणे बाजीरावाचे होते आणि ते फेडायला तिऱ्हाईत लोक धरले होते. दुसरा: जे झाले ते सर्वांना सारखे होते काय? मुळीच नाही. जो सत्तेच्या मर्जीतला तो सुटला. तिसरा: दाद कोठे मागायची? शहराचा मालक पेशवा, आणि त्याच्याच संमतीने हे चालले होते. म्हणजे आपली म्हण जशीच्या तशी.

यात एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्वतः नाना फडणवीस १७९८ सालीच कैदेतून सुटले आणि पुन्हा कारभारावर आले. कसे सुटले? शिंद्यांना दहा लाख रुपये देऊन. म्हणजे जो खराखुरा धनवान, त्याला मर्जीसुद्धा विकत घेता आली. जो मधला होता, ज्याच्या पेढीत दहा-वीस हजार असतील, तो मात्र भरडला गेला. आपण समजतो की बेलगाम सत्ता श्रीमंताला चेचते. ती चेचते, पण कोणत्या श्रीमंताला? आज ज्याच्यावर खप्पा मर्जी झाली त्याला. बाकीचे तिच्या पंक्तीला बसतात.

आणि दुसरा परिणाम याहून खोल असतो. सावकार हा काही साधुसंत नसतो; पण त्या काळी शेतसारा भरायचा, फौज हलवायची, माल परगावी पाठवायचा, तर हुंडी त्याचीच लागे. ज्या शहरात पैसा दिसला की माणूस तोफेला बांधला जातो, त्या शहरात पैसा दिसेनासा होतो. तो भिंतीत जातो, जमिनीत जातो, नाही तर परमुलखात जातो. मग विणकराला सुतासाठी उसने मिळत नाही आणि कुणब्याला बियाण्यासाठी मिळत नाही. मार सावकाराच्या पाठीवर बसतो, वळ मात्र इतरांच्या अंगावर उठतात. पुढे चारच वर्षांनी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला बाजीरावाचा आणि शिंद्यांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांच्या तहावर सही करून बसला. सावकारांच्या छळामुळेच राज्य बुडाले असे मी म्हणणार नाही. कारणे अनेक होती. पण ज्या राजाने आपले शहर असे दुसऱ्याच्या हाती दिले, त्याच्यासाठी त्या शहराने जिवाचे रान का करावे?

खुद्द सर्जेरावांचे काय झाले, असेही कोणी विचारील. महादजी शिंद्यांच्या विधवांनाही त्यांनी छळले, प्रकरण अंगाशी आले, आणि १७९८ सालीच खुद्द जावयाने सासऱ्याला कैद केले! मर्जीचे हे असे असते. ती ज्याच्या हातात काठी देते त्याच्याही पाठीला सोडत नाही.

आता आपल्या नागपूरला येऊ. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. पोटी मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. एवढ्यावर भागले नाही. राजवाड्यातील खासगी चीजवस्तूही विक्रीला काढल्या. हत्ती, घोडे, बैल यांचा सीताबर्डीला लिलाव झाला, तो मातीमोल भावाने; जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. वृद्ध बांकाबाईंनी निषेध केला, त्याचा उपयोग झाला नाही. विक्रीचे पैसे घराण्यासाठीच निधी म्हणून ठेवले आहेत, असे इंग्रज सरकारचे म्हणणे होते. पण जॉन के हा इंग्रज इतिहासकारच लिहितो, की राज्य घेतल्याने जेवढी चीड आली नाही तेवढी या लिलावाने आली.

येथे कोणी म्हणेल, डलहौसीजवळ तर नियम होता. औरस वारस नाही तर राज्य खालसा, हा त्याचा नियमच होता. बरोबर. म्हणूनच केवळ ‘नियम दाखवा’ एवढे विचारून भागत नाही. हा नियम कोणी केला? ज्याला त्याचा फायदा व्हायचा त्यानेच. दाद कोणाकडे? त्याच्याच कंपनीकडे. गोट्या खेळताना स्वतःची गोटी हुकली की नियम बदलणाऱ्या पोराला आपण काय म्हणतो? रडीचा डाव खेळतो म्हणतो. मोठ्या साहेबाने इंग्रजीत लिहून काढला तरी रडीचा डाव तो रडीचाच.

मग श्रीमंताच्या संपत्तीला सत्तेने हातच लावू नये काय? तसे मुळीच नाही, आणि याचाही दाखला आपल्याच भागातला आहे. आमच्या सावनेर तालुक्यात जुन्या माणसांना ‘मालगुजार’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गावाचा सारा मालगुजाराच्या हातून सरकारात जायचा आणि गावावर हुकूम त्याचा चालायचा. स्वातंत्र्यानंतर त्या वेळच्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेने, जिची राजधानी नागपूरच होती, १९५० साली हे मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला, आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजाऱ्या संपल्या. पुण्याच्या छळापेक्षा कितीतरी अधिक माणसांच्या हातातली सत्ता आणि दौलत एका तारखेला गेली.

पण कशी गेली पाहा. कायदा लोकांनी निवडलेल्या सभेत चर्चेला आला. मोबदला ठरला. तो सगळ्या मालगुजार-जमीनदारांना लागू होता. सरकारचा दोस्त म्हणून कोणी वगळला नव्हता. आणि ज्यांना तो अन्यायाचा वाटला ते न्यायालयात गेले. चांदा जिल्ह्यातल्या अहेरीचे जमीनदार राजे विश्वेश्वरराव थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५२ साली निकाल लागला; कायदा टिकला, जमीनदार हरले. अशा कायद्यांना बळ देण्यासाठी संसदेने १९५१ साली घटनेची पहिली दुरुस्तीही केली होती, हेही सांगितले पाहिजे. ती दुरुस्ती योग्य की अयोग्य यावर विद्वानांचे वाद आहेत. पण कोणी तोफेला बांधला गेला नाही. हरलेला माणूस आपल्या घरी परत गेला, आणि पुढे निवडणुकीला उभे राहायचे असेल तर राहू शकत होता.

दुसरा दाखला तर इतिहासाने जणू मुद्दाम जुळवून ठेवला आहे. १९७० साली केंद्र सरकारला माजी संस्थानिकांचे तनखे बंद करायचे होते. घटनादुरुस्तीचे विधेयक राज्यसभेत अगदी थोडक्याने पडले. तेव्हा ६ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपतींचा एक हुकूम काढून सगळ्या संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. लोकांना तनखे नकोच होते. देशभर पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. पण संस्थानिक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १५ डिसेंबर १९७० रोजी न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. अर्जदार कोण होते माहीत आहे? ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे! ज्या गादीवर बसून दौलतरावांनी पुणे पिळून काढले, त्याच गादीचा वारस पावणेदोनशे वर्षांनी न्यायालयापुढे सांगत होता, की सरकारने नियम सोडून मर्जीने माझे काढून घेऊ नये. आणि न्यायालयाने ते ऐकले.

पुढे काय झाले? १९७१ साली निवडणूक झाली, लोकांनी कौल दिला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी संसदेने सव्विसावी घटनादुरुस्ती करून तनखे बंद केले. म्हणजे शेवट तोच झाला. मग मधली खटपट व्यर्थ गेली काय? माझ्या मते नाही. त्या वर्षभरात एक गोष्ट ठरून गेली, की लोकांना हवे असले तरी, समोरचा राजा-महाराजा असला तरी, सरकारने सरळ रस्त्यानेच गेले पाहिजे. आडवाट एकदा पडली की तिच्यावरून फक्त महाराजांच्याच घरी जाता येते असे थोडेच असते!

आता थोडे दूर, चीन देशात जाऊ. तेथे आपल्याला तो व्हिडिओ गेम पुन्हा भेटणार आहे.

आपल्या पोरांच्या हाती टीव्हीला जोडायचे डबे येत होते त्यानंतर काही वर्षांनी, २००० साली, चीन सरकारने अशा घरगुती गेमयंत्रांच्या विक्रीवर बंदी घातली. कारण सांगितले, मुलांचे मन बिघडते. ही बंदी २०१४ साली सैल झाली आणि २०१५ साली उठली. या पंधरा वर्षांत तिकडच्या कोट्यवधी मुलांनी व्हिडिओ गेम पहिल्यांदा पाहिला तो इंटरनेटच्या दुकानात, संगणकावर. खेळ थांबला नाही. फक्त वाट बदलली. आणि त्या वाटेवर टेन्सेंट नावाची कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या गेम कंपन्यांपैकी एक होऊन बसली. तिकडे जॅक मा नावाचे गृहस्थ, मूळचे इंग्रजीचे शिक्षक, अलिबाबा ही व्यापारी कंपनी काढून देशातल्या पहिल्या श्रीमंतांत जाऊन बसले.

२४ ऑक्टोबर २०२० रोजी या जॅक मांनी शांघायला भाषण करून सरकारी बँकव्यवस्थेवर टीका केली. त्यांच्या अँट या कंपनीचे ३,४०० कोटी डॉलरांहून मोठे भागभांडवल विक्रीस निघणार होते. नोव्हेंबरच्या आरंभी, अगदी दोन दिवस उरले असता, ते थांबवण्यात आले. पुढे जवळजवळ तीन महिने हा माणूस चारचौघांत दिसला नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये अलिबाबाला सुमारे १,८२० कोटी युआन दंड झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला एका सरकारी वृत्तपत्राने व्हिडिओ गेमना ‘मनाची अफू’ म्हटले. अफूवरून दोन युद्धे हरलेला तो देश. तेथे या शब्दाचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. टेन्सेंटच्या शेअरचा भाव त्या दिवशी बघता बघता दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. महिनाअखेर नियम आला: अठरा वर्षांखालील मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास ऑनलाइन खेळायचे. त्याच वर्षात टेन्सेंटने लोककल्याणासाठी दोनदा मिळून १०,००० कोटी युआन बाजूला काढल्याचे जाहीर केले.

आता आपण शिक्षक आहात, आईबाप आहात. आठवड्याला तीन तास हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल, हे आपल्याकडेही होईल तर काय बहार! मला स्वतःला घरी तसे वाटते. आणि त्या बड्या कंपन्यांनी बाजारात दादागिरी केली होती, मुलांना खेळाचे व्यसन लावले होते, हेही खोटे नाही. पण आपले तीन प्रश्न काढा. नियम कोणता? वृत्तपत्रातल्या एका शब्दाने हजारो कोटी बुडतात, तेथे खरा नियम तो शब्दच. सर्वांना सारखा होता काय? ज्याने भाषण केले त्याचे भांडवल अडले. दाद कोठे? जॅक मांसारख्या कुबेराला जर तोंड मिटून बसावे लागते, तर खेड्यातल्या ज्या शेतकऱ्याची जमीन कारखान्यासाठी गेली त्याने कोठे जायचे? आणि २२ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने गेमवरील नव्या निर्बंधांचा मसुदा काढला, पुन्हा भाव कोसळले, आणि महिनाभरात तो मसुदा सरकारी संकेतस्थळावरून गुपचूप नाहीसाही झाला. का आला? मर्जी. का गेला? मर्जी. सावनेरच्या दुकानातले भिंतीवरचे बटण मला येथे स्पष्ट दिसते.

आपल्या देशातही २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. या खेळांत घरे बसली, हे खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे; म्हणून कायद्याचे स्वागत झाले. लोकसभेने तो २० तारखेला संमत केला, राज्यसभेने २१ला, आणि २२ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कायदा छापील आहे, सर्वांना सारखा आहे, आणि कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात जाऊ शकल्या, ही जमेची बाजू. पण एवढ्या मोठ्या विषयावर दोन दिवसांत दोन्ही सभागृहे मोकळी झाली, ही गोष्टही आपण मनात टिपून ठेवावी. कायदा आपल्याला आवडला म्हणून त्याची वाट तपासायची नाही, असे नसते.

येथे तुम्ही मला अडवाल, आणि अडवावेच. तुम्ही म्हणाल, “सर, हे कायदा-कायदा ठीक आहे. पण कायद्याची वाट श्रीमंताला सोपी आणि आम्हांला लांबची. त्याच्याकडे दहा वकील. आमच्याकडे तारखेला जायला बसभाडं नाही.” हे म्हणणे खरे आहे, आणि मनाला समाधान वाटावे म्हणून मी ते झाकणार नाही. जेथे कायदा पोचत नाही तेथेच माणूस मर्जीवाल्या दांडग्याची वाट पाहू लागतो. त्यावर उपाय एकच, की कायदा दारापर्यंत आणायचा. तशी काही दारे आहेतही, पण आपण ती ठोठावत नाही. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यान्वये बेकायदा सावकारीतून बळकावलेली जमीन जिल्हा उपनिबंधक चौकशी करून शेतकऱ्याला परत देववू शकतो. त्यासाठी साधा अर्ज करता येतो. सावकाराच्या घरावर कोणी तरी धाड घालील म्हणून वाट पाहण्यापेक्षा हा अर्ज गावातल्या चार जणांनी मिळून लिहावा. शाळेतल्या गुरुजींनी तो लिहून द्यावा, ही माझी विनंती.

शिक्षकबंधू-भगिनींना आणखी एक सुचवतो. नागरिकशास्त्राचा धडा शिकवण्यापूर्वी मुलांना मैदानात लगोरी किंवा लंगडी खेळू द्या. मध्येच शिट्टी वाजवून जिंकत असलेल्या संघाचे दोन गडी काही कारण न सांगता बाद करा. हरणारी मुले टाळ्या वाजवतील. थोड्या वेळाने त्यांचेही दोन गडी तसेच बाद करा, आणि मग सर्वांना गोल बसवून विचारा, काय झाले? राज्यघटनेत कायद्यापुढे सर्व समान असे जे लिहिले आहे ते कशासाठी, हे त्यांना त्या दिवशी पुस्तकाशिवाय कळेल.

असो. त्या टिनाच्या खोलीत मी एक रुपया हरलो, त्याचे मला आता काही वाटत नाही. वाटते ते त्या टाळीचे. आपल्याला न आवडणाऱ्या माणसावर सत्तेचा हात पडेल तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि विचारावे: कोणत्या नियमाने? सर्वांना सारखा का? आणि याने दाद मागायची ठरवली तर कोठे मागेल? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर खुशाल टाळी वाजवा. मालगुजारी गेली तेव्हा आपल्या आजोबांनी ती वाजवलीच होती. उत्तरे मिळाली नाहीत, तर समोरचा माणूस कितीही माजलेला असो, त्याच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी हात आवरावा. पाऊस काही आपल्या हातात नाही. पण राजाने मारले तर तक्रार कोणाकडे करायची, या प्रश्नाला उत्तर असावे की नसावे, हे मात्र आपल्याच हातात आहे.